लाल फुल्या, निळ्या फुल्या : मेंदूतल्या सिस्टचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवताना

6 फेब्रुवारी 2025 ला माझ्या मेंदूचं ऑपरेशन झालं. ते करायचं की नाही हे ठरवण्यात त्याआधीचे चार महिने गेले, आणि ऑपरेशनपेक्षा ते चार महिनेच जास्त जड गेले. तेव्हा मी रात्र-रात्र मोबाइलवर शोधत बसायचे. इंग्रजीत ढीगभर सापडायचं, मराठीत मात्र कोणी आपल्यासारख्या माणसाने लिहिलेलं हाती लागत नव्हतं. म्हणून तारखा, खर्च, कागदपत्रं, सगळं आठवतंय तसं लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, तिथल्याच अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते, वय 41. यातला औषधोपचार माझ्यापुरता होता, तो कोणी स्वतःला लावून घेऊ नये.

डोकेदुखी मला पंचविशीपासून आहे. महिन्यातून दोनदा-तीनदा अर्धं डोकं ठणकायचं, उजेड नको वाटायचा, अंधार करून पडलं की संध्याकाळपर्यंत उतरायचं. त्याची सवय झाली होती. जून 2024 पासून मात्र वेगळंच काहीतरी सुरू झालं. पहाटे चार-साडेचारला डोकं जड होऊन जाग यायची, उठून बसलं की जरा बरं वाटायचं. पिठाचा डबा काढायला वाकले, खोकले, शिंकले की आतून दाब आल्यासारखी कळ यायची आणि अर्ध्या मिनिटात जायची. आमच्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं, मग सायनसचं औषध झालं. मधल्या काळात मी मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते. नंतर पर्समधल्या रिकाम्या पाकिटांवरून मोजल्या, तर एकट्या सप्टेंबरात 17 दिवस गोळी घेतलेली निघाली.

शेवटी भावाने, म्हणजे दादाने, न्यूरोफिजिशियनची, म्हणजे मेंदूचे आजार औषधाने बघणाऱ्या डॉक्टरांची, वेळ घेतली. त्यांनी एमआरआय लिहून दिला. मंगळवार, 8 ऑक्टोबर. मुंबई नाक्याजवळच्या सेंटरमध्ये कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधासकट, साडेसात हजार रुपये झाले. कॉन्ट्रास्टच्या आधी किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, ती आदल्या दिवशीच करून नेली तर हेलपाटा वाचतो. मंगळसूत्र, कानातले, केसातल्या पिना सगळं काढून नवऱ्याच्या खिशात दिलं आणि आत गेले.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या आवरणातली पाण्याची पिशवी, 5.1 × 3.9 × 3.6 सेंटीमीटर, गॅलासी प्रकार 2, म्हणजे तिघांतला मधला. घरी आल्यावर लेकीच्या कंपासमधली पट्टी घेऊन मी ते माप कागदावर काढलं. मध्यम आकाराच्या लिंबाएवढं होतं ते.

दसरा चार दिवसांवर होता. सासूबाईंना आम्ही सांगितलं, पण शब्द चुकला. नवरा म्हणाला, ‘आई, डोक्यात गाठ निघालीये.’ गाठ म्हटल्यावर माणसाच्या मनात एकच येतं. त्या देवघरापुढे जाऊन बसल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, कोबीतला किडा असेल, आमच्या भाचीला तसंच झालं होतं. मग मीही रात्री तेच वाचत बसले. घरात सांगताना ‘पाण्याची पिशवी’ म्हणा, कारण हा सिस्ट खरोखर तेवढाच असतो. डॉक्टरांनी नंतर सासूबाईंना समोर बसवून समजावलं : ‘आजी, मेंदूभोवती आपल्या सगळ्यांच्याच पाणी असतं. मोठ्या माणसात साधारण दीडशे मिली. रोज अर्धा लिटर नवीन तयार होतं आणि जुनं शोषलं जातं. मेंदूवरचा एक पातळ पापुद्रा हिच्यात जन्माआधीच दुभंगला, त्या दोन पदरांत तेच पाणी साठलंय. हा कॅन्सर नाही. किड्याचा आजार वेगळा, त्याचे डाग एमआरआयमध्ये वेगळे दिसतात. हिच्यात ते नाहीत.’ त्या दिवशी त्या घरी येऊन नीट जेवल्या.

आता ऑपरेशनचं. पहिल्या न्यूरोसर्जनकडे 15 ऑक्टोबरला गेलो. फी हजार रुपये. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, ‘मोठा आहे, दिवाळीनंतर लगेच करून टाकू’ म्हणाले आणि बाहेरच्या टेबलावरून तीन लाख चाळीस हजारांचा अंदाजाचा कागद मिळाला. नाही केलं तर काय, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘कधीही फुटू शकतो.’ माझं डोकं कसं दुखतं, केव्हा दुखतं, हे त्यांनी विचारलंच नाही. त्या रात्री मी कुशीवर वळायलाही घाबरत होते.

दादाने मग मुंबईला ओळखीतून दुसऱ्या सर्जनची वेळ मिळवली. 24 ऑक्टोबरला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडली. एक गोष्ट तिथे कळली : फिल्म पुरत नाही, एमआरआयची सीडी लागते. सेंटरवाले मागितल्याशिवाय देतीलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि घरी तिची प्रत करून ठेवा. या डॉक्टरांनी संगणकावर एकेक चित्र पाहिलं आणि म्हणाले, ‘हा तुमच्याबरोबर जन्मापासून आहे, 41 वर्षं. असे सिस्ट पुष्कळांना असतात, आयुष्यभर कळतही नाहीत. तुम्हाला मायग्रेन आहे. त्याचं औषध घ्या, याला हात लावू नका.’ फुटण्याचं विचारलं. डोक्याला जबर मार लागला तर सिस्टमध्ये किंवा शेजारी रक्तस्राव होऊ शकतो, एरवी तो उगाच फुटत नाही, असं ते म्हणाले. हेल्मेट कधीही सोडायचं नाही, एवढं बजावलं.

परतीच्या पंचवटीत आम्ही दोघं गप्प होतो. कसाऱ्याचा घाट अंधारात गेला. एक जण म्हणतो लगेच करा, दुसरा म्हणतो हात लावू नका, आणि दोघंही शिकलेले, अनुभवी. आपण कोणत्या अकलेवर ठरवायचं? नवरा म्हणाला, ‘तिसऱ्याला विचारू, दोन विरुद्ध एक होईल.’ मला ते पटलं नाही. मतं मोजून डोकं उघडायचं का?

28 तारखेला पुन्हा आमच्या न्यूरोफिजिशियनकडे गेले आणि दोन्ही मतं त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, ‘ताई, डोकेदुखी घरोघरी असते आणि सिस्टही बऱ्याच जणांना असतो. दोन्ही एकाच माणसात सापडले म्हणून एक दुसऱ्यामुळे झालं असं होत नाही. तुमचं दुखणं मला दोन प्रकारचं वाटतंय. आधी ते वेगळं करू. रोज लिहून ठेवा.’

मी वेगळी वही केली नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहितोच. त्याच चौकोनांत फुल्या मारायला लागले. अर्धं डोकं ठणकलं, उजेड सहन झाला नाही, मळमळलं की निळी फुली. पहाटे जाग आली, वाकताना-खोकताना कळ आली की लाल फुली. गोळी घेतली की खाली टिंब.

डॉक्टरांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. दुखण्याची गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यायची नाही, कारण रोजच्या गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते. मायग्रेन कमी व्हावं म्हणून रात्रीची एक बारीक गोळी सुरू केली. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्यायचा. डोक्यात दाब वाढला की डोळ्यांच्या नसेचं टोक सुजतं आणि ते बाहेरून बघता येतं. या तपासणीला सातशे रुपये लागले. तेव्हा ती अगदी नॉर्मल आली. कॉलेज रोडवरून घरी येताना उजेडाने डोळे मिटत होते, स्कूटी चालवणं शक्य नव्हतं. कोणीतरी सोबत न्याच.

दुखण्याच्या गोळ्या कमी केल्यावरचे पहिले दहा दिवस फार वाईट गेले. त्यातच दिवाळी. 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजनाची रांगोळी मी दरवर्षी काढते. चार ठिपके टाकले आणि वाकल्या वाकल्या अशी कळ आली की हातातली पांढरी रांगोळी उंबऱ्यावर सांडली. लेकीने मला उठवलं आणि उरलेली तिने काढली. चौकोनात लाल फुली.

पण नोव्हेंबर संपता संपता कालनिर्णय काहीतरी बोलायला लागलं. पहिल्या पंधरवड्यात निळ्या फुल्या आठ होत्या, दुसऱ्यात तीन. औषध लागू पडत होतं. लाल फुल्या मात्र पहिल्यात नऊ आणि दुसऱ्यात दहा. त्या औषधाला जुमानतच नव्हत्या. म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांचं मायग्रेनचं निदान बरोबर होतं, पण सगळं दुखणं मायग्रेन नव्हतं.

डिसेंबरात मी एक चूक केली, ती मुद्दाम सांगते. खाली बसून उठलं की दोन-तीन सेकंद डोळ्यांसमोर राखाडी पडदा यायचा आणि जायचा. दुखत काही नव्हतं, म्हणून मी ते लिहिलं नाही. अशक्तपणा असेल म्हणून खजूर खात राहिले. 6 जानेवारीला डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘डोळ्यांना काही?’ तेव्हा सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दिवशी पाठवलं.

या वेळी पडदा नॉर्मल नव्हता. दोन्ही डोळ्यांतल्या नसेच्या टोकाची कड पुसट झाली होती. ऑक्टोबरचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं : आधी रुपयाच्या नाण्यासारखी रेखीव कड, आता पाण्यात पडलेल्या शाईसारखी. मग दृष्टीच्या कक्षेची तपासणी, पेरिमेट्री. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून समोर एकटक बघायचं आणि कुठेही बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. वाचता तर मला सगळं येत होतं, नंबरही बदलला नव्हता. पण प्रत्येक डोळ्याला निसर्गतः एक आंधळा ठिपका असतो, तो माझा दोन्हीकडे वाढलेला निघाला. या सगळ्याचे मिळून अडीच हजार झाले.

तरीही न्यूरोफिजिशियनने ‘आता ऑपरेशन’ असं म्हटलं नाही. माझ्या वयाच्या बायकांमध्ये सिस्ट नसतानाही असा दाब वाढू शकतो, मेंदूच्या शिरेत गुठळी झाली तरी वाढतो. म्हणून शिरांचा वेगळा एमआरआय, एमआर व्हिनोग्राम केला. तो स्वच्छ आला, रक्तदाबही ठीक होता. पाणी कमी तयार व्हावं म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइड सुरू केलं. त्याने बोटांना मुंग्या येतात, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर हे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगायला हवं.

13 जानेवारीला गंगापूर रोडवरच्या तिसऱ्या सर्जनकडे गेलो. जाताना मी फुलस्केपवर प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी पंचेचाळीस मिनिटं दिली. आधी कालनिर्णयाची पानं पाहिली, मग डोळ्यांचे फोटो, सीडी सगळ्यात शेवटी. मार्ग तीन, असं ते म्हणाले. एक, दुर्बिणीतून सिस्टला खिडकी, म्हणजे भोक, पाडायची. दोन, कानावर लहानसं हाड उघडून सूक्ष्मदर्शकाखाली खिडक्या पाडायच्या, म्हणजे आतलं पाणी मेंदूभोवतीच्या नेहमीच्या वाटेला लागेल. तीन, नळी बसवून पाणी पोटात सोडायचं, म्हणजे शंट. शंट आयुष्यभर सांभाळावा लागतो, बंद पडू शकतो, म्हणून तो पहिला पर्याय नाही. माझ्या सिस्टच्या जागेला त्यांना दुसरा मार्ग योग्य वाटला.

धोके त्यांनी न विचारता सांगितले. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाक्यांतून पाणी गळणं, फिट येणं, खिडकी पुन्हा बुजणं. खिडकी पाडायची त्या जागेशेजारून मोठी रक्तवाहिनी आणि डोळा हलवणारी नस जाते. आणि मी उजव्या हाताने लिहिते, बोलण्याचा भाग डावीकडे, म्हणून शब्दांवर काही काळ परिणाम होऊ शकतो. मी विचारलं, ‘डोकेदुखी जाईल का?’ ते म्हणाले, ‘लाल फुल्या बऱ्याचशा जातील अशी आशा आहे. निळ्यांबद्दल मी काही कबूल करत नाही. आणि मी हे डोकेदुखीसाठी करत नाहीये, तुमच्या नजरेसाठी करतोय.’ या वाक्यापाशी माझं ठरलं. पहिल्यांदाच कोणीतरी ऑपरेशन कशासाठी आणि कशासाठी नाही, हे वेगळं करून सांगितलं होतं.

अडचण होती ती लेकीच्या दहावीची. बोर्डाची परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर करू. सर्जन म्हणाले, औषधावर दोन-तीन आठवडे काढता येतील, दोन महिने नाही, कारण गेलेली नजर परत येत नाही. रात्री लेक अभ्यासातून उठून आली आणि म्हणाली, ‘आई, तू आत असताना मला पेपर देता येईल. तुला दिसेनासं झालं तर मला काहीच जमणार नाही.’ 6 फेब्रुवारी ठरली.

विम्याचं जरा सविस्तर, कारण तिथेच जास्त धाप लागते. आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी 2018 पासून न चुकता चालू आहे. कॅशलेसचा अर्ज आठवडाभर आधी दिला, तर दोन दिवसांत प्रश्न आला : हा आजार जन्मजात आहे का? पहिली लक्षणं कधी दिसली? जन्मजात लिहिलं की नाकारतील म्हणून आम्ही हबकलो. पॉलिसीचं पुस्तक काढून वाचलं. वगळलेलं होतं ते ‘बाह्य जन्मजात व्यंग’, म्हणजे शरीरावर दिसणारं. आतलं व्यंग वगळलेलं नव्हतं. सर्जनने लेटरहेडवर लिहून दिलं की हा आंतरिक दोष आहे, लक्षणं जून 2024 पासूनची आहेत आणि डोळ्यांच्या नसेच्या सुजेमुळे ऑपरेशन गरजेचं आहे. सोबत आमच्या घरच्या डॉक्टरांची पहिली चिठ्ठी जोडली. मंजुरी आली. जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, काहीही टाकू नका.

खोलीचं भाडंही बघा. आमच्या पॉलिसीत ते दिवसाला पाच हजारांपर्यंत होतं. त्याहून महाग खोली घेतली तर नुसता फरकच नाही, बाकीच्या बिलातलाही काही हिस्सा कापतात. आम्ही दोन खाटांची खोली घेतली. एकूण बिल 3,62,000 झालं, विम्याने 3,31,400 दिले, हातमोजे-गाऊन असल्या गोष्टींचे 30,600 आम्ही भरले. भरतीच्या आधीच्या 60 दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे नंतर वेगळे मिळाले. जानेवारीच्या तपासण्या त्यात बसल्या, ऑक्टोबरचा एमआरआय बसला नाही. घरी सोडायच्या दिवशी शेवटच्या मंजुरीला सात तास लागले. विमा नियामकाने 2024 पासून त्याला तीन तासांची मर्यादा घातली आहे, पण ते मला घरी आल्यावर कळलं. नाहीतर मी तिथेच तक्रार नोंदवली असती.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं थोडंच आहे. डाव्या कानावरची चार बोटं रुंदीची केसांची पट्टी काढली, बाकीची वेणी तशीच राहिली. चार तास लागले. आयसीयूत जाग आली तेव्हा कोणीतरी विचारत होतं, ‘नाव सांगा, हात दाबा.’ दुसऱ्या दिवशी नवरा शिरा घेऊन आला. त्याच्या हातातली वस्तू मला दिसत होती, तिने खायचं हेही कळत होतं, पण तिला काय म्हणतात ते येईना. मी बोट दाखवून रडले. ‘चमचा’ हा शब्द तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपोआप आला. अजूनही दमले की एखादा शब्द उशिरा येतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमने फार चिडचिड व्हायची. घरातल्यांना हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं, सासूबाईंना मी दोनदा उगाच बोलले.

11 फेब्रुवारीला घरी आले, 17 ला टाके निघाले. लेकीच्या पहिल्या पेपरला मी गेटपर्यंत जाऊ शकले नाही, गॅलरीतून हात केला. मार्चमध्ये डोळे दाखवले तेव्हा नसेची सूज उतरत होती, मेअखेर कड पुन्हा रेखीव झाली. आंधळा ठिपका जवळजवळ जागेवर आला. उठताना पडदा येत नाही.

6 मेच्या एमआरआयने मात्र मी खचले. सिस्ट 5.1 चा 4.6 सेंटीमीटर, एवढाच फरक. एवढं करून तो तिथेच? सर्जन म्हणाले, तो नाहीसा होईल असं मी म्हटलंच नव्हतं. पाण्याला वाट मिळाली की दाब उतरतो, पिशवीचा आकार हळूहळू कमी होतो किंवा तसाच राहतो, मी डोळ्यांकडे बघतो. ऑपरेशनआधीच्या माझ्या प्रश्नांच्या कागदात हा प्रश्न नव्हता. तुमच्या कागदात लिहा.

कालनिर्णय अजून चालू आहे. मेमध्ये लाल फुली एक, निळ्या चार. मायग्रेनची गोळी चालूच आहे. पुढचा एमआरआय ऑपरेशनला वर्ष झाल्यावर. स्कूटी जूनपासून चालवायची परवानगी मिळाली आहे, सध्या हेल्मेट घालून भाजी बाजारापर्यंत जाते, अंबडला अजून नवराच सोडतो.